लेख गेला, पचडी राहिली

भवानीअक्कांचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घर जागं होईपर्यंत लिहायचं, मग स्वयंपाक, मग तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या कारखान्यात लष्करी कपड्यांची शिलाई. मी तिथं मशीनदुरुस्तीला होतो. त्यांचं काम मी पाहिलं आहे. टाका वाकडा गेला की कुणी सांगायच्या आत उसवत. लिहिण्यातही तेच. वाक्य पटलं नाही की पान फाडत.

निवृत्तीला काही महिने उरले असताना त्यांनी तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला लेख दिला. ज्याचं तोंड कधी दिसणार नाही अशा सैनिकासाठी बाही शिवणं आणि तसल्याच वाचकासाठी लिहिणं, यावर. पावसाळाभर त्या तो लिहीत होत्या.

अंक आला. लेखात एका ओळीत डब्यातल्या डांगर पचडीचा उल्लेख होता, आमच्या तंजावरी मराठी घरांत उडदाचं पीठ दह्यात कालवून करतात ती. तेवढी ओळ ठेवली होती. खाली पचडीची कृती, वर अक्कांचा फोटो. बाकी लेख कापलेला.

मी भडकलो. अक्का म्हणाल्या, "थांबा हो. मंडळाच्या वर्धापनदिनाला साहित्यगप्पांना बोलावलंय. तिथं अख्खा वाचते."

त्या दिवशी प्रश्न विचारायला मंडळाची सचिव ऋजुता होती, पुण्याहून मोटार कंपनीत आलेली इंजिनिअर.

"अक्का, तुमच्या सांबाराचं गुपित सांगा ना!"

"सांबार सांगायला आले नाही, बाळ. लेख आणलाय."

"वाचा की! पण आधी त्या गोड तंजावरी भाषेत एक पाककृती..."

"तू मोटारी करतेस. तुला इथं बसवून पोह्यांत कांदा किती घालतेस विचारलं तर?"

लोक हसले. गंमत वाटली त्यांना. अक्कांनी कागद काढले. दुसरं पान उलटतायत तोच अध्यक्ष वसंतराव दारातून ओरडले, "चला, पानं मांडलीत! गार होतंय!"

कुणीतरी माइक बंद केला. खुर्च्या सरकल्या.

साहित्यावर प्रेम आहे म्हणे यांचं. एका बाईनं पावसाळाभर राबून केलेलं काम नुसतं बसून ऐकायचं, तेवढेही कष्ट यांना नकोत. कारखान्यात असली माणसं पहिल्या पाळीतच घरी गेली असती.

मी जेवलो नाही. अक्का जेवल्या, सावकाश, पोटभर. हात धुऊन त्यांनी हॉलच्या मॅनेजरला तमिळमध्ये विचारलं, "भाड्यात माइक येतो का?"

निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर पहिला खर्च त्यांनी तोच केला. एका संध्याकाळसाठी तोच हॉल, माइकसकट. निमंत्रणावर खाली मोठ्या अक्षरांत छापलं: जेवण नाही.

वसंतराव आले नाहीत. ऋजुता आली, मागे बसली. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. अक्कांनी लेख पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, पचडीसकट.

मी माइकच्या बटणाशी स्टूल टाकून बसलो होतो.