रिकाम्या पोत्यांपुढची पानं

सन २००४. माझं वय तेव्हा चौसष्ट. शाळा दुसरीतच सुटलेली, पण तीन पत्तीत मला शिकवायची पिंपरी पेंढारात कुणाची छाती नव्हती.

दुपारी शेठच्या दुकानामागच्या पडवीत आम्ही सात जण बसायचो. शेठ जैन, मूळचे मारवाडातले, पण आता इथलेच. त्यांची अट एकच, पैसा लावायचा नाही. म्हणून चिंचोके. पानं वाटायच्या आधी प्रत्येकानं एक चिंचोका मधे टाकायचा. माझी रीत ठरलेली. भारी पानं येईपर्यंत पॅक, म्हणजे हातातली पानं टाकून द्यायची. आली की चाल, म्हणजे आणखी चिंचोके मधे लावायचे. सात जणांत कुणाकडं तरी भारी असतंच. या रीतीवर मी कैक वर्षं जिंकलो.

मग जागा रिकाम्या होत गेल्या. माझा लहानपणापासूनचा जोडीदार वारला. एकाला लकव्यानं धरलं, दोघं पोरांकडं पुण्याला गेले. उरलो मी, शेठ आणि एक रिटायर एसटी ड्रायव्हर. पण मी कुणाचं बसायचं पोतं उचलू दिलं नाही. सातही पोत्यांपुढं पानं वाटायची. चार ठिकाणची पानं उपडीच पडून राहायची, अन् मी त्यांनाही हिशोबात धरून खेळायचो. जोडी आली तरी पॅक. माझे चिंचोके रोज संपायचे.

"भाऊ, सातांत जोडी म्हणजे कचरा. तिघांत तीच लई झाली," शेठ म्हणाले.

"सात हायती," मी म्हणालो.

"पोती चाल करत्यात व्हय?" ड्रायव्हर म्हणाला.

एका दुपारी मी पुन्हा पॅक केलं, तशी ड्रायव्हरनं पानं खाली ठेवली. "उद्यापासून मी येत न्हाई, राव. तुमी खेळतच न्हाई. आमी दोघांनी काय एकमेकांची तोंडं बघायची?"

तो उठला की बैठक मोडणार होती. मला दुसरीकडं जायला ठिकाण नव्हतं. "एक डाव बस," मी म्हणालो.

मला पंज्यांची जोडी आली. ड्रायव्हरनं पॅक केलं, शेठनं चाल केली. माझा हात सवयीनं पानं टाकायला निघाला, तेवढ्यात नजर जोडीदाराच्या पोत्याकडं गेली. आजवर कधी न उघडलेली ती पानं मी उलटली. दुर्री, छक्की, नव्वी. यांच्या धाकानं मी इतके महिने पॅक करत होतो.

मी चाल भरून शो मागितला, दोघांनी पानं उघडली. शेठकडं नुसता राजा.

"आता कसं," ड्रायव्हर म्हणाला आणि पुन्हा मांडी घालून बसला.

जिंकल्याचं मला काही वाटलं नाही. जोडीदार असता तर त्यानं त्या भिकार पानांवरसुद्धा चाल केली असती. तो तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी पडवीत गेलो. चार पोती झटकली, घडी करून माळ्यावर ठेवली. उरलेली तीन जवळ सरकवली.