अक्षरं मोठी करा!

हैदराबादच्या आमच्या मराठी ग्रुपची मी ॲडमिन. पगार शून्य, सूचना रोज! घरात ज्यांचं कोणी ऐकत नाही, ते सगळे इथे येऊन सुचवतात. किती साठल्यात म्हणून सांगू!

एकदा कुणीतरी लिहिलं, "ग्रुपवर मेसेज फार होतात, कमी करा." झालं! दुपारभर "सहमत", "अगदी बरोबर", अंगठे, जोडलेले हात. माझा फोन हँग.

तेव्हा दुसरा ॲडमिन प्रमोद भडकला. त्याने नियमच काढला, "जो सुचवेल, तो करेल!"

*

नियमाचा पहिला मान कुकटपल्लीच्या जोशीवहिनींना. "सगळे कार्यक्रम मलकपेठच्या हॉलमध्येच का? आमच्याकडेही घ्या की!"

घेतला. त्यांच्याच घरी. दोन खोल्या, सगळा ग्रुप हजर, शेवटची पंगत जिन्यावर!

दुसऱ्या दिवशी वहिनींची नवी सूचना: "मलकपेठचा हॉल किती हवेशीर आहे, नाही?"

*

विद्यानगरचे घनश्यामकाका मात्र नियमाला भीक घालत नव्हते. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेलं. रोज सकाळी आम्ही एका लेखाचा उतारा चित्र करून टाकतो, त्यावर त्यांची एकच सूचना: "अक्षरं मोठी करा."

केली.

"अजून मोठी."

केली. शेवटी प्रमोद वैतागला, "काका, आता स्क्रीनवर चारच शब्द मावतात हो!"

"मग तीन टाका!"

*

मग आली सायली. इथेच जन्मलेली, कॉलेजात शिकणारी. "मला मराठी वाचायला जमत नाही. उतारा कोणीतरी वाचून ऑडिओ टाका ना, प्लीज."

प्रमोद म्हणाला, "नियम!"

"अरे, जमत नाही म्हणून तर बोलले ना मी!"

"नियम म्हणजे नियम."

पोरगी जिद्दीची. मला म्हणाली, "आंटी, करते. पण कोणी हसलं तर ग्रुप सोडणार, हौ!"

पानभर उतारा, अकरा मिनिटं! एकेक अक्षर लावत, मध्येच "ये क्या है रे बाबा", की पुन्हा पहिल्यापासून. मला हसू येत होतं आणि तिचं फार कौतुकही वाटत होतं. पण मला ठाऊक होतं, काका ऐकणार, चुका काढणार आणि ही जाणार.

तीन दिवस तिने वाचलं. तीन दिवस काकांची सूचनाच नाही. चौथ्या दिवशी ग्रुपवर काकांचाच ऑडिओ आला. लगेच सायलीचा फोन, "आंटी, आधी तुम्ही ऐका. मला भीती वाटतेय."

मी लावला. काका खाकरले.

"एक सूचना आहे. अक्षरं पुन्हा लहान केलीत तरी चालेल."