बिनगाठीचा कांदा

फौजेत मी वीस वर्षं स्वयंपाकी होतो. साहेब लोकांच्या मेसमध्ये सुपासाठी लीक यायचं. दिसायला कांद्याच्या पातीसारखं, पण दांडा चांगला जाड आणि खाली गाठ नाही. रिटायर होऊन साताऱ्याजवळच्या गावी आलो, तेव्हा महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याने त्याचं बी दिलं. मी घरामागे चार सऱ्या लावल्या.

गेल्या थंडीत माझ्या पलटणीतला दोस्त भेटायला आला. सांगलीकडचा जैन शेतकरी, हळद पिकवणारा. फौजेतही त्याने कधी कांदा-लसूण तोंडात घातला नाही. त्याची डाळ मी वेगळ्या पातेल्यात शिजवायचो. तो आला तेव्हा मी दळण आणायला गेलो होतो. प्रवासातून आलेला माणूस, म्हणून बायकोने लगेच जेवायला वाढलं. मी परतलो तर त्याच्या ताटात भाकरी आणि झुणका.

"वैनी, लय झ्याक झालाय," तो म्हणाला. "कशाचा हाय?"

"परसातल्या लीकचा, भावजी. कांदा न्हाई त्यो. गाठच न्हाई त्येला."

तिला खरंच तसं वाटत होतं. मीच तिला कधी नीट सांगितलं नव्हतं. दोन-तीन घास त्याच्या पोटात गेले होते. मी गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं.

"गड्या, थांब. कांद्याच्याच कुळातलं हाय ते."

त्याने हातातला घास ताटात ठेवला, बाहेर जाऊन चूळ भरली.

"माझं चुकलं, भावजी," बायको म्हणाली.

"तुमाला ठावं न्हवतं, वैनी. उद्या उपास करतो, झालं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सांगितलंस ते बरं केलंस."

मला मात्र बरं वाटत नव्हतं. इतकी वर्षं त्याने सांभाळलेलं माझ्याच घरात मोडलं होतं.

बायकोने दुसऱ्या ताटात दही-भाकरी वाढली. ती खाऊन तो परसात गेला, सरीत बसला आणि एका दांड्याजवळची माती उकरून पाहिली.

"पांढरं एवढंच? मातीची भर कमी पडलीया, रं. हळदीला लावतो तशी लाव."

खोरं मागून घेऊन त्याने संध्याकाळपर्यंत चारही सऱ्यांना माती चढवली. मी नको म्हणालो, पण तो ऐकेना. मग मीही दुसऱ्या टोकाने लागलो.

मातीत झाकलेले दांडे त्या खेपेला वीतभर पांढरे निघाले. मी सांगलीला फोन लावून त्याला सांगितलं.

"म्होरच्या साली दोनदा भर लाव," तो म्हणाला. "आन् वैनींकडं दे जरा फोन."