ग्लव्ज घातलेला नमस्कार

आमच्या सासरी डिप्लोमा हा शब्द जरा हळू आवाजात उच्चारतात. नवरा इंजिनिअर, दीर इंजिनिअर, जाऊ इंजिनिअर. पुण्यातल्या त्या घरात डिप्लोमा म्हणजे ज्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला नाही त्याची सोय. आणि मी तो चाळिशी ओलांडल्यावर, सिंगापूरच्या पॉलिटेक्निकमध्ये पोरीटोरींच्या शेजारी बसून केला. तोही नर्सिंगचा. जाऊबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलंच, "म्हणजे यात डिग्री नाही का गं मिळत?"

"मिळते की," मी म्हटलं, "पण मला हाच हवा होता."

ते काही फारसं खरं नव्हतं. डिग्रीला आणखी वेळ लागला असता आणि मला आता थांबायचं नव्हतं. इथे आल्यापासून कित्येक वर्षं माझ्या राहण्याच्या परवान्यावर, म्हणजे पासवर, 'डिपेंडंट' असं छापलेलं होतं. एम.कॉम. बाई, मराठी मंडळाच्या गणपतीत दोनशे मोदक वळणारी, आणि सरकारदरबारी नाव काय, तर डिपेंडंट! मला त्या शब्दाचा इतका राग यायचा की ते कार्ड मी पाकिटात उलटं ठेवायची. मग मुलगी न्यूमोनियाने वॉर्डात होती तेव्हा एका नर्सने तिला सलाईन लावताना आधी तिच्या बाहुलीच्या हाताला पट्टी बांधली. मुलगी रडायची थांबली. मी तिथेच ठरवलं, की आपल्याला हे यायला हवं. पुढे पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, मिळाली आणि मी फी भरून मोकळी झाले.

डिप्लोमा झाला, परवाना आला, नोकरी मात्र येईना. नर्सेस कमी पडतात म्हणून सगळं सिंगापूर ओरडत असतं, पण माझ्या अर्जाला उत्तर यायचं ते 'डिग्री असल्यास प्राधान्य' किंवा 'अनुभव आवश्यक'. बरोबरच्या मुलींना शिकतानाच हॉस्पिटलांनी पदरात घेतलं होतं. मी आपली स्वतःच्या पैशाने शिकलेली, कुणाच्याच खात्यात नसलेली. एका ठिकाणी मुलाखत छान रंगली होती, तोवर समोरच्या तरुणाने गोड हसून विचारलं, "या वयात शिफ्ट ड्यूटी झेपेल का?" मी म्हटलं, "तुमच्या आईला विचारून बघा, तुम्ही लहान असताना तिची कोणती शिफ्ट होती." नोकरी तिथल्या तिथे गेली. घरी येऊन सांगितलं तर नवऱ्याने कपाळावर हात मारला. मुलगी म्हणाली, "आई, व्हाय यू लाइक दॅट? जस्ट स्माइल, लाह!"

शेवटी घराजवळ, बुकित बातोकमध्येच, एका दवाखान्यात रिसेप्शनवर जागा निघाली. टोकन द्यायचं, फोन घ्यायचा. सोमवारपर्यंत कळवा म्हणाले. नवऱ्याचं म्हणणं, वाईट काय आहे, एसीत बसायचं. वाईट काहीच नव्हतं. पण मला माहीत होतं, एकदा त्या खुर्चीत बसले की मी परत कुणाच्या जखमेला हात लावणार नाही. आणि पुण्यात सगळे म्हणतील, बघा, डिप्लोमावर तेवढंच मिळतं. त्याआधी एकच मुलाखत उरली होती, यिशुनच्या एका वृद्धाश्रमातली.

तिथली सिस्टर, म्हणजे वॉर्डची प्रमुख, डोक्याला हिजाब बांधलेली, माझ्याच वयाची मलय बाई होती. तिने माझे कागद मिटून बाजूला ठेवले आणि म्हणाली, "चला, ड्रेसिंग करून दाखवा." व्हीलचेअरवर एक चिनी आजोबा बसले होते. इथे सगळ्यांना अंकलच म्हणतात. मधुमेहामुळे त्यांच्या डाव्या पोटरीवर जखम होती. मी हात धुतले, ग्लव्ज चढवले, जखम साफ केली. मला माझे हात आवडले त्या दिवशी. जराही कापत नव्हते. नवी पट्टी ठेवायची तेवढी बाकी होती. इतक्यात कुणीतरी हाक मारली म्हणून सिस्टर पाठ करून पलीकडच्या खाटेशी गेली. मी जरा सरकले, आणि माझा बूट अंकलच्या उजव्या पावलाला लागला.

पाय लागला की काय करायचं, हे आपल्याला कुणी विचारून करावं लागत नाही. माझा हात खाली गेला, त्यांच्या पावलाला लागला आणि तिथून थेट माझ्या कपाळावर. ग्लव्जसकट! कळलं तेव्हा बोटं अजून कपाळावरच होती. सगळा जन्म जे वळण लावून घेतलं, ते नेमकं इथे आडवं आलं.

अंकल डोळे मोठे करून बघत होते. इथले म्हातारे नर्सला मिसी म्हणतात. "मिसी, व्हाय यू प्रे मी? आय नॉट डेड येट, लाह!"

सिस्टरची पाठच होती. पट्टी ठेवली असती तर जगात कुणाला कळणार होतं? खोटं कशाला सांगू, एक क्षण तो विचार आला. रिसेप्शनची खुर्ची डोळ्यांपुढे नाचली. पण समोरची जखम उघडी होती आणि मधुमेहाचा पाय कसा झपाट्याने चिघळतो, ते मी शिकताना पाहिलं होतं. हात दाखवून अवलक्षण तर अवलक्षण! मी दोन्ही हात वर धरले आणि मोठ्याने म्हटलं, "सिस्टर, माझे ग्लव्ज खराब झाले. मी पहिल्यापासून करते."

ती वळली. "कशाला हात लागला?"

"अंकलच्या पायाला. आणि माझ्या कपाळाला."

"कपाळाला? का?"

आता हे इंग्रजीत कसं सांगायचं? मी म्हटलं, आमच्याकडे माणसाला पाय लागला तर त्याला नमस्कार करतात. पुस्तकाला लागला तरी करतात. ती हसली नाही. फक्त म्हणाली, "नवा पॅक कपाटात आहे."

मी ग्लव्ज काढले, हात धुतले, तोंड धुतलं, नवा पॅक उघडला आणि सगळं परत केलं. ते माझ्या हातून झालेलं आजवरचं सर्वांत देखणं ड्रेसिंग होतं. गेली नोकरी तर जाऊ दे, पण हे बघून घे बाई, असं मनात म्हणत मी शेवटची चिकटपट्टी दाबली.

ऑफिसात सिस्टरने डिग्रीचं नाव काढलं नाही, वयाचंही नाही. "कधीपासून येऊ शकता?" एवढंच विचारलं. मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाली, "आणि ते कपाळाचं, ग्लव्ज काढल्यावर करा."

यिशुनहून घरी येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली. घरी आल्यावर सासूबाईंना फोन लावला.

"डिप्लोमावर मिळाली?" त्यांनी विचारलं.

"हो आई, डिप्लोमावरच."

त्या म्हणाल्या, "अगं, मग पेढे वाट. तिकडे मिळतात ना?" नवरा त्याच संध्याकाळी लिटिल इंडियात जाऊन घेऊन आला. पेढे कसले, गोड वड्याच होत्या त्या, पण मी तीन खाल्ल्या.

कामाच्या पहिल्या सकाळी मी गणवेशात वॉर्डात उभी होते, औषधांच्या गाडीशी. तेच अंकल चांगल्या पायाने जमीन रेटत व्हीलचेअर पुढे आणत होते. नेम चुकला आणि त्यांची चप्पल माझ्या बुटावर आदळली. ते थांबले. हळूच हात पुढे करून त्यांनी माझ्या बाहीला बोटं लावली आणि ती स्वतःच्या कपाळाला टेकवली. अगदी आपल्यासारखी.

मी घाईघाईने म्हटलं, "नो नो अंकल, तुम्ही मोठे. मोठ्यांनी नाही करायचं."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या गणवेशाकडे बोट दाखवलं. "नो, नो. यू मिसी. मिसी मोअर बिग."

मी पुन्हा नको म्हटलं नाही. ताठ उभी राहिले आणि त्यांच्या गोळ्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या.