गुहेतला स्पंज

परतूरच्या कॉलेजात मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. समुद्र दोनदाच पाहिलाय, तोही काठावरून. प्रयोगशाळेतल्या बरणीत एक वाळका स्पंज आहे. तो दाखवून दरवर्षी सांगते, स्पंज पाणी गाळून खातो.

एमएस्सीला माझ्या वह्या उतरवून पास झालेली मैत्रीण आता समुद्राखालच्या गुहांत उतरते. परवा तिने यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ पाहिला. गुहेत अंधार, पाणी थिजलेलं, खाणं वाहून येत नाही. म्हणून तिथला एक इवलासा पांढरा स्पंज पाणी गाळतच नाही. कोळंबीसारखे बारीक जीव अंगावरच्या आकड्यांत अडकवतो आणि सावकाश पचवतो. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. पोटात दुखत होतं. तिला साधं "छान" म्हणूनही कळवलं नाही.

चाचणीत एका मुलीने नेमकं या न गाळणाऱ्या स्पंजाबद्दलच लिहिलं. पेपर तपासताना तिला बोलावून विचारलं, हे कुठून आणलं.

"मॅडम, मोबाईलवर एका बाईंचा व्हिडिओ पाह्यल्ता. बराबर हाय ना?"

बिलकुल बराबर होतं. मी तिच्यादेखत लाल पेनाने त्यावर काट मारली आणि म्हणाले, "पुस्तकात न्हाई ते लिहायचं न्हाई."

तिचं तोंड उतरलं, तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं.