'सेट' म्हटल्यावर उठलेला हात

आमच्या प्रोटेस्टंट चर्चच्या मागच्या मैदानावर शांतवनदादा शनिवारी सकाळी लेकरांना धावायला शिकवतात. रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, अंगानं सुकडे, पण आवाज खणखणीत. सुरुवातीला ते धावूच देत नाहीत. फक्कीच्या रेषेमागे बोटं टेकवा, कंबर उचला, मान खाली, आणि तसंच राहा. माशी बसली तरी हलायचं नाही. माझी प्रीती जायला लागली तेव्हा मी म्हटलंच, "दादा, पोरीला धावायला पाठवलं, पुतळा व्हायला नाही."

"धावते तं कुत्रंबी, वहिनी," ते म्हणाले. "थांबणं शिकवा लागते."

दुसरा धडा नजरेचा. "देवानं दोन्ही डोळे समोर दिले. शेजारच्या पट्टीत पाहाचं नाई." आणि रेषेवर वाकण्याआधी प्रत्येकानं डोळे मिटून प्रार्थना करायची. पाय देवाचे, त्याला विचारून उचलायचे. एखादं लेकरू प्रार्थना लांबवतं, बाकीची चुळबुळ करतात, पण शेवटचं डोकं वर आल्याशिवाय दादा 'ऑन युवर मार्क' म्हणत नाहीत. हातात दोन लाकडी फळ्या धरून शांत उभे राहतात. त्या एकमेकींवर आपटल्या की बंदुकीसारखा आवाज होतो आणि लेकरं सुटतात.

या हिवाळ्यात शहरातल्या सगळ्या चर्चच्या मुलांच्या शर्यती झाल्या. सुरुवात द्यायचं काम दादांकडे होतं. 'सेट' म्हटल्यावर जो हलेल तो बाद, हा नियम बैठकीत त्यांनीच मांडलेला. मुलींच्या शंभर मीटरला प्रीतीच्या शेजारी मेघा होती, कॅथलिक चर्चची. तिचे पाय पाहून मी मनात म्हटलं, आज प्रीतीचं काही खरं नाही.

मुली वाकल्या. दादा म्हणाले, "सेट." कंबरा वर झाल्या. आणि मेघाचा उजवा हात जमिनीवरून उठला, कपाळाला लागला, छातीला, दोन्ही खांद्यांना, आणि झटकन परत रेषेमागे. दादांनी शिट्टी फुंकली.

"तू, बाहेर."

"सर, मी धावली नाई. क्रूसाची खूण केली फक्त."

"थे घरून करून याचं. सरक."

आमच्यात अशी खूण कोणी करत नाही; आमच्या चर्चची माणसं हसली. मीही हसले. प्रीती पहिली आली, मी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाचा रविवार, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. दादा माझ्या पुढच्याच बाकावर होते. भाकरीची थाळी त्यांच्यापाशी आली, त्यांनी तुकडा घेतलाच नाही, तशीच पुढे दिली. प्यालाही तसाच पुढे दिला. आमच्यात ज्याच्या मनात शेजाऱ्याशी वागल्याची काही टोचणी राहिली असेल तो असं करतो, आणि कोणी विचारत नाही. मी विचारलं, बाहेर आल्यावर, चपला घालताना.

"नियमानंच तर काढलं ना तुम्ही तिला?"

"नियमानं काढलं असतं तं झोप लागली असती, वहिनी. आपले लेकरं डोळे मिटतात तं मी थांबतो. तिच्यासाठी थांबलो काय? तिचा हात उठला अन् माह्या मनात आलं, पाहा यांचं नाटक. शिट्टी त्याच्यानंतर वाजली." मग हळूच म्हणाले, "शेजारच्या पट्टीत पाहू नका, म्हणतो मी पोराइले."

माझ्या तोंडात कालच्या पेढ्याची चव आली.

तिच्या चर्चमध्ये विचारून पत्ता काढला आणि आम्ही दोघं लकडगंजला गेलो. मेघाचे वडील आरा मशीनवर कामाला, खोली लाकडाच्या टालामागे. आईनं 'जय येशू' म्हणत खुर्च्या पुसल्या, चहा ठेवला.

"मी माफी मागाले आलो," दादा म्हणाले.

"शर्यतीचं जाऊ द्या, सर. हारजीत चालतेच. पण ही आता जेवतानाबी क्रूस करत नाई. काहून वं, म्हटलं, तं म्हणते त्याच्यानं बाहेर काढतेत."

दादांनी कप खाली ठेवला. मेघा दाराच्या चौकटीवर नख घासत उभी होती.

"शनिवारी येशीन काय, बेटा?" ते म्हणाले. "मले एक बार नीट सुरुवात देऊ दे."

ती आली, आईसोबत. रेषेवर फक्त ती आणि प्रीती. प्रीतीनं डोळे मिटले, उघडले. मेघाचे हात मात्र अंगाला चिकटलेले. दादा थांबले. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, मागची पोरं कुजबुजायला लागली.

"सर, म्हणा ना," मेघा म्हणाली.

दादांनी फळ्या डाव्या हातात घेतल्या. उजवा हात उचलला. त्या हातानं जन्मात हे केलेलं नव्हतं. कपाळ, छाती, मग उजवा खांदा, मग डावा.

मेघाला हसू फुटलं. "उलटं करून राहिले सर तुम्ही! डावा पहिले."

"मंग दाखव."

तिनं सावकाश दाखवलं, लहान लेकराला दाखवावं तसं. दादांनी तिच्यामागे केलं. कुंपणापाशी आमच्या चर्चच्या कमिटीतले एक वडीलधारे मोठ्यानं खाकरले. दादांनी वळून पाहिलं नाही. "ऑन युवर मार्क," म्हणाले. फळ्या वाजल्या, आणि मेघानं प्रीतीला केव्हाच मागे टाकलं.

प्रीतीचं पदक मेघाला द्यायला मी पर्समध्ये घालून आणलं होतं. मेघाच्या आईनं ते हातात घेतलं नाही. "ठेवा, ताई. पोरीचं कौतुक हाय तुमच्या."

मेघा आता दर शनिवारी येते. परवा दादांनी तिच्या आईला विचारलं, जेवताना हात उठते काय.

"उठते, सर. पण पहिले इकडंतिकडं पाहून घेते, कोणी पाहून तं नाई राहिलं."

आई गेल्यावर दादा फळ्या पुसायला बसले. "म्हणजे मी अजून उभाच हाय थ्या पोरीसमोर," म्हणाले. "शिट्टी घेऊन."

काल पुन्हा प्रभुभोजन होतं. दादांनी तुकडा न घेता थाळी मागे दिली. ती माझ्याकडे आली. पर्समध्ये पदक तसंच होतं. मी तुकडा उचलला नाही, थाळी पुढे दिली.