यमुनाबाईचा गंज

पितळ्या काकाजी जेवायला वाढताना पदार्थाचं नाव कधी सांगत नसत, भांड्याचं सांगत. "आज शांताबाईचं वरण हाय, अन् गोदाबाईची वांग्याची भाजी. पोटभर जेवजा." कोहमाऱ्याच्या फाट्यावर त्यांची चार बाकांची खानावळ होती. नवखा माणूस आत बायका रांधत असतील असं समजून डोकावायचा. आत काकाजी एकटेच, लुंगीवर, आणि भोवती पितळेची भांडी.

भांडी सगळी दुसऱ्यांची, लोकांनी स्टीलच्या नादात मोडीत घातलेली. दर आठवड्याला गोंदियाच्या भंगारवाल्यांकडे चक्कर मारून काकाजी गंज, पराती, गुंड अशी भांडी घेऊन येत. चिंचेनं घासत, कपाळावरचा चष्मा खाली ओढत आणि वर कोरलेलं नाव मोठ्यानं वाचत. मग त्याच नावानं भांडं चुलीवर चढे. ट्रकवाले चिडवायचे, "काकाजी, म्यूझियम खोल दो." काकाजी फटकारत, "रांधलं नाही त भांडं मरते, बाबू."

मी सडक अर्जुनीकडच्या एका शाळेत शिकवायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्यांच्याकडे जेवून गोंदियाची बस धरायची. अशाच एका शनिवारी ते म्हणाले, "आज यमुनाबाईचा भात हाय." घास हातातच राहिला. यमुना माझ्या आईचं नाव. मी उठून चुलीपाशी गेले. तोच गंज! काठावरचा पोचाही तोच, लहानपणी मीच विहिरीवर आपटून पाडलेला. आई गेल्यावर फ्लॅटचं स्वयंपाकघर नवं केलं, तेव्हा मीच तो भंगारवाल्याला देऊन बदल्यात नॉनस्टिक तवा घेतला होता. तव्याचा थर वर्षभरात उडाला, ते सोडा.

"काकाजी, हा माझ्या आईचा गंज आहे. मला द्या."

"मंग देल्लीस काऊन?"

मला रडूच फुटलं. त्यांनी भात दुसऱ्या भांड्यात काढला आणि गंज घासून माझ्या हातात दिला. "रांधशीन ना त्याच्यात? कल्हई उडाली हाय त्याची. नवी करशीन तवापर्यंत भातच रांधजो."

मी मान हलवली आणि घरी जाऊन गंजात प्लास्टिकची फुलं खोचून तो दिवाणखान्यात मांडला. पाहुणे वा वा करत. शनिवार आला की काकाजी विचारत, "यमुनाबाईनं का रांधलं वं?" मी ठोकून द्यायची: भात, पुन्हा भात. एकदा त्या भाताचाही कंटाळा आला, म्हणून म्हटलं, "कढी केली होती. फक्कड झाली."

काकाजींचा हात थांबला. "कल्हई केली का?"

"नाही अजून."

"बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकते, बाई. जिभेवर ठेववत नाही. खोटी कायले बोलून राहिली?"

आवाज चढला नव्हता, पण त्या दिवशी मी ताटावरून मान वर केली नाही. पुढच्या शनिवारी फुलं काढून गंज निमूटपणे परत नेऊन दिला. त्यांनी तो घेतला. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली.

सुट्टी संपल्यावर मी गेले, तर खानावळीला कुलूप. काकाजी सुट्टीतच वारले, असं शेजारच्या पानठेलेवाल्यानं सांगितलं. मग त्यानं ठेल्याखालून गोणपाटात बांधलेलं काहीतरी ओढून काढलं. "तब्येत खराब होती, तरी बुढ्यानं कल्हईवाला शोधून आनला. म्हने, मास्तरीणबाई येईन, तिले देजो." मी गोणपाट सोडलं. गंज आतून पांढराशुभ्र चमकत होता. तिथेच बाकावर बसून मी पोटभर रडले.

त्या संध्याकाळी गंजात कढी केली. "आज काय आहे?" मुलीनं विचारलं. मी म्हटलं, "यमुनाबाईची कढी."

इतक्यांची नावं वाचणाऱ्या त्या माणसाचं खरं नाव काय, हे मी कधी विचारलंच नाही. गंज रोज गॅसवर चढतो. कल्हई आता पुन्हा उडत आलीय, आणि कल्हईवाला काही सापडत नाही. तोवर भातच रांधते.